जुन्या रिव्हॉल्व्हरास नवा निळा रंग : एका घरगुती जीर्णोद्धाराचें परीक्षण

ऐतिहासिक साधनांचें परीक्षण म्हटलें म्हणजे बखर, शकावली, महजर, करीना असल्या कागदांचें परीक्षण, असा आपल्या मंडळींचा सामान्य समज आहे, आणि तो गैर नाहीं. परंतु साधन कागदाचेंच असलें पाहिजे असें कोठें आहे? ज्या वस्तूवर अक्षरें आहेत, आंकडे आहेत, शिक्के आहेत, आणि त्यांवरून ती कोणीं केली, केव्हां केली व कोणाच्या हातून कोणाच्या हातीं गेली हें वाचतां येतें, ती वस्तु पोलादाची असली तरी तो एक लेखच होय. अशा एका पोलादी लेखाचें 'शुद्धीकरण' नुकतेंच आमच्या अवलोकनांत आलें. शुद्धीकरण करणारे गृहस्थ स्वतः हस्तलिखितांचे संग्राहक आहेत, म्हणून ही हकीकत वाचकांपुढें ठेवणें अप्रस्तुत होणार नाहीं असें वाटतें.

आमचे हे स्नेही पुष्कळ वर्षें अमेरिकेंत स्थायिक आहेत. घराण्यांतील मोडी रुमाल त्यांनीं तिकडेहि नेऊन जपले आहेत. जुन्या शस्त्रांचाहि त्यांस नाद आहे. लष्करानें निकालांत काढलेल्या शस्त्रांचा त्या देशांत मोठा बाजार आहे. व्यापारी तीं गठ्ठ्यानें घेतात व हौशी लोकांस एकेक करून विकतात. अशा बाजारांतून स्नेह्यांनीं एक वेब्ली रिव्हॉल्व्हर घेतलें. नमुना सहावा, म्हणजे ब्रिटिश सैन्यानें १९१५ सालीं मान्य केलेला. सहा काडतुसांचा, दशांश ४५५ इंच व्यासाचा, सहा इंची नळीचा. हीं रिव्हॉल्व्हरें बर्मिंगहॅमच्या वेब्ली आणि स्कॉट यांच्या कारखान्यांत होत असत. या विशिष्ट रिव्हॉल्व्हरावर १९१७ हें साल होतें. अंगावरचा निळा रंग बहुतेक उडालेला, नळीवर लाल गंजाचे ठिपके, कडा पांढऱ्या पडलेल्या, मुठीच्या काळ्या व्हल्कनाइटच्या पट्ट्या मात्र शाबूद, अशी त्याची स्थिति होती. तें त्यांनीं घरच्या घरीं घासून, त्यावर नवा निळा रंग चढवून, त्यांच्या शब्दांत 'होतें तसें' केलें. आणि पूर्वीचीं बारा व नंतरचीं बारा अशीं चोवीस छायाचित्रें आम्हांकडे धाडून अभिप्राय मागितला. त्यांच्या अनुमतीनें तो येथें देत आहों. नांव देऊं नये अशी त्यांची इच्छा आहे.

हा निळा रंग, ज्यास इंग्रज कारागीर ब्ल्यूइंग म्हणतात, तो वास्तविक रंग नव्हेच. तो पोलादाच्या पृष्ठभागाचेंच केलेलें रूपांतर आहे. जुनी रीत अशी : पोलाद अगदीं निस्तेल करून त्यास तेजाबी द्रावण लावावें व दमट जागीं ठेवावें, म्हणजे कांहीं तासांत त्यावर बारीक लाल गंज धरतो. मग तें पाण्यांत उकळावें. उकळतांना लाल गंजाचा काळा होतो. सुटी काजळी तारेच्या ब्रशानें झाडून पुनः द्रावण, पुनः दमट हवा, पुनः उकळणें, असा क्रम कित्येक वेळां केल्यावर जो दाट, निळसर काळा थर बसतो त्याचें द्रव्य लोहचुंबकाच्या दगडाचेंच असतें. म्हणजे गंजानेंच गंज अडवायचा अशी ही युक्ति आहे. पुढें कारखान्यांत कॉस्टिक सोडा व सोऱ्यासारखे क्षार यांच्या सुमारें १४० अंश सेंटिग्रेड उष्णतेच्या द्रावणांत भाग बुडवून तेंच काम थोड्या मिनिटांत होऊं लागलें. दोन्ही रीतींत थर पोलादांतूनच निघतो, वरून बसवलेला नसतो.

घरीं बसून काम करणारे हौशी लोक बहुधा तिसरा मार्ग घेतात, तो थंड ब्ल्यूइंगचा. बाटलींतील द्रव कापसानें लावावा कीं पोलाद तत्काळ काळें पडतें. या द्रवांत सेलेनियमचें आम्ल आणि ताम्रक्षार असतात. मोरचुदाशीं ज्यांचा परिचय आहे त्यांस यांतील खुबी सहज कळेल. पोलादावर जें बसतें तें तांबें व सेलेनियम यांचें पातळ लेपन होय, लोहाचें काळें रूप नव्हे. तें खऱ्या थराइतकें टिकत नाहीं. सतत हाताळलेल्या जागीं लवकर झिजतें, आणि तिरप्या उजेडांत त्यांत एक करडी किंवा तपकिरी झांक दिसते. सेलेनियमचे क्षार विषारी आहेत, म्हणून हें काम उघड्या हातानें किंवा कोंदट खोलींत करणें इष्ट नव्हे. स्नेह्यांनीं हातमोजे घातले होते.

स्नेह्यांनीं कामांत कोठें कुचराई केली असें नाहीं. सर्व भाग सुटे केले, स्क्रू ज्याचे त्याचे जागीं परत जातील अशी व्यवस्था ठेवली, नळीच्या आंतील भागास हात लावला नाहीं, मुठीच्या पट्ट्या न घासतां नुसत्या पुसल्या. गंज काढण्यास आधीं सौम्य आम्ल, मग खोल खड्ड्यांवर बारीक कानस, मग जाडसर एमरी कागदापासून अगदीं बारीक कागदापर्यंत क्रमानें घासणी, मग निस्तेल करून थोडें ऊन करून द्रवाचे सात हात, शेवटीं तेल. एवढा संयम पुष्कळ धंदेवाईक लोकांसहि नसतो. दुरून पाहतां नळी आरशासारखी चकाकते. पुढील छायाचित्रांत ती निळ्या मखमलीवर ठेवली आहे, व मखमल आणि नळी यांचा रंग जुळावा अशी त्यांची योजना दिसते. ती साधली आहे.

आतां जवळून पाहूं. पूर्वीच्या चौथ्या छायाचित्रांत, जेथें मूळचा रंग खांचींत टिकून होता तेथें, यंत्राच्या हत्याराच्या समांतर रेघा स्पष्ट आहेत. १९१७ सालीं युद्ध ऐन भरांत होतें. रिव्हॉल्व्हर चकाकण्यापेक्षां लवकर तयार होणें जरुरीचें होतें. त्या रेघा म्हणजे त्या घाईचा पुरावा. एमरी कागदानें त्या सर्व गेल्या. आज जो आरसा दिसतो तो १९१७ सालीं या रिव्हॉल्व्हरावर कधींच नव्हता. घाईघाईनें लिहिलेल्या मोडी यादीची कोणी सुंदर बाळबोध प्रत करून तिला मूळ यादी म्हणून दाखवावें, तशांतला हा प्रकार आहे. 'होतें तसें' हे शब्द म्हणून मागें घ्यावे लागतील.

कडांचेंहि तसेंच. हातांत कागद धरून घासलें कीं सपाट पृष्ठभाग मध्यें फुगीर व कडेला उतरता होतो. स्क्रूच्या भोंकांच्या कांठांचीं फनेलें झालीं आहेत. ठशाच्या अक्षरांची गोष्ट याहून नाजूक आहे. पोलादांत ठसा मारला म्हणजे अक्षराच्या जागचें धातुद्रव्य दबतें व थोडें बाजूस उचलतें. अक्षराभोंवतीं एक अतिसूक्ष्म बांध उभा राहतो. हा बांध ताजा आहे, कीं झिजला आहे, कीं घासून टाकला आहे, यावरून ठसा केव्हांचा व पृष्ठभाग केव्हांचा याचें अनुमान करतां येतें. शाई कागदांत कशी फुटली आहे हें पाहून आपण मागाहून घातलेली ओळ ओळखतों, तसेंच हें. स्नेह्यांच्या रिव्हॉल्व्हरावर असा बांध आतां एकाहि अक्षरास उरला नाहीं.

येथपर्यंतचे दोष सौंदर्याचे म्हणून सोडून देतां येतील. पुढील दोन देतां येत नाहींत.

मुठीच्या मागच्या पट्टीवर पूर्वीच्या नवव्या छायाचित्रांत कांहीं अक्षरें व एक आंकडा आहे. ज्या पलटणीस रिव्हॉल्व्हर दिलें गेलें तिची खूण अशा जागीं मारीत. भिंगानें पाहतां आम्हांस दोन अक्षरें निश्चित व तिसरें संशयित लागलें. नंतरच्या छायाचित्रांत ती पट्टी गुळगुळीत आहे. पहिल्या महायुद्धांत हिंदी पलटणींचे अंमलदारहि हीं रिव्हॉल्व्हरें वापरीत. तेव्हां तिसरें अक्षर लागलें असतें तर हें शस्त्र फ्लँडर्सच्या बाजूचें कीं मेसोपोटेमियाच्या बाजूचें, एवढें तरी कदाचित् ठरलें असतें. तें आतां छायाचित्रावरूनच ठरेल, ठरलें तर.

दुसरा दोष याहून गंभीर आहे, कारण त्यानें लेख नुसता खंडित झालेला नाहीं, खोटा झाला आहे. ब्रिटिश सरकारच्या मालकीची खूण म्हणजे रुंद बाण. शस्त्र नोकरींतून काढून विकलें म्हणजे त्यावर दोन बाण टोंकास टोंक लावून मारीत. त्याचा अर्थ सरकारची मालकी संपली. पूर्वीच्या दुसऱ्या छायाचित्रांत हे दोन्ही बाण आहेत, डावा ठळक, उजवा पुसट. घासणींत उजवा गेला. डावा तेवढा उरला. आज जो कोणी हें रिव्हॉल्व्हर वाचील तो त्यावरून 'हें सरकारी मालकीचें' असें वाचील, जेथें मूळ लेख 'हें सरकारनें विकलें' असें सांगत होता. एका रेघेनें विक्रीखताची सनद झाली! असला पाठ एखाद्या इनामपत्रांत सांपडता तर आपण त्यास निःसंशय बनावट म्हटलें असतें. स्नेह्यांचा तसा हेतु मुळींच नव्हता, हें सांगण्याची गरज नाहीं. पण शंभर वर्षांनीं हेतु वस्तूबरोबर राहत नाहीं.

आम्हीं हें कळवल्यावर त्यांचें उत्तर आलें. तें युक्तिवादानें भरलेलें आहे, व त्यांतील दोन मुद्दे उत्तर देण्याजोगे आहेत.

पहिला मुद्दा : शस्त्रांस पुनः रंग चढवणें ही शस्त्रागारांचीच रीत आहे; सरकारनें केलें तें इतिहास, आणि मीं केलें तें पाप, हें कसें? याचा पूर्वभाग खरा आहे. रशियाचें १८९५ च्या नमुन्याचें सात बारांचें नागान रिव्हॉल्व्हर घ्या. दुसऱ्या महायुद्धानंतर सोव्हिएत शस्त्रागारांनीं त्यांची दुरुस्ती करून, नवा रंग देऊन, तीं साठवून ठेवलीं. पण त्यांवर चौकोनांत एक तिरपी रेघ अशी दुरुस्तीची खूण आढळते. जर्मन सैन्यानें १९०८ सालीं स्वीकारलेलें लूगर पिस्तूल घ्या. महायुद्धांतील सालाचा ठसा असलेल्या कित्येक पिस्तुलांवर युद्धानंतर १९२० हा दुसरा आंकडा मारला गेला, व संग्राहक त्यांस दुहेरी सालाचीं पिस्तुलें म्हणतात. जुना आंकडा खोडला नाहीं; त्याच्या जोडीस नवा बसवला. जुन्या सनदेवर नव्या धन्याचा शिक्का उठावा तसें. शस्त्रागारानें हात लावला आणि सही केली. स्नेह्यांनीं हात लावला आणि सही केली नाहीं, उलट सही न दिसणें हेंच कौशल्य मानलें. वाद एवढाच आहे. त्यांनीं मुठीच्या पट्टीखालीं, जेथें कोणास दिसत नाहीं अशा जागीं, साल व एखादी खूण कोरली असती तर आमचा निम्मा आक्षेप उरला नसता.

दुसरा मुद्दा आपल्या घरचा आहे. ते लिहितात कीं, जौहरदार तलवारींचीं पातीं आपले शिकलगार पिढ्यान् पिढ्या घासून, हिराकशीच्या पाण्यानें पुनः जौहर उठवीत आले. त्यांस कोणी दूषण दिलें नाहीं. मुद्दा चांगला आहे, पण लागू नाहीं. जौहर पात्याच्या पृष्ठभागावर नसतो. तो पोलादाच्या सर्वांगांत मुरलेला असतो. वरचा थर गेला तरी खालच्या थरांत तशाच जातीच्या रेषा आहेत, आणि हिराकस त्या दाखवते. वेब्लीवरील बाण पोलादाच्या अंगांत मुरलेला नाहीं. तो केसाच्या जाडीइतका खोल आहे, आणि एमरी कागदास केसाची जाडी म्हणजे कांहींच नव्हे. तलवारींवरहि जेथें सोन्याच्या तारेनें नांव कोरलें आहे तेथें जाणता शिकलगार हात राखतो.

सद्धेतूनें केलेल्या उपायानें मूळ साधनाची हानि व्हावी, हें आपल्या क्षेत्रांत नवें नाहीं. व्हॅटिकनचे ग्रंथपाल अँजेलो माइ यांस १८१९ सालीं खरवडून पुनः लिहिलेल्या एका चर्मपत्रांत सिसरोचा राज्यविषयक ग्रंथ सांपडला व १८२२ सालीं त्यांनीं तो छापून प्रसिद्ध केला. ही जगावर केवढी उपकृति! परंतु पुसलेलीं अक्षरें उठवण्यास त्या काळचे विद्वान् माजूफळाच्या अर्कासारखीं द्रव्यें लावीत. अक्षर क्षणभर उठे, आणि पुढें चर्मपत्रच काळवंडून जाई. तेथें निदान वाचन तरी झालें होतें. स्नेह्यांनीं वाचण्यापूर्वींच पुसलें. आपल्याकडेहि फिकट मोडी अक्षरांवर नवी शाई फिरवलेले कागद आम्हीं पाहिले आहेत, व त्यांत 'श' कोठें संपतो आणि शाई फिरवणाराचा अंदाज कोठें सुरू होतो हें ठरवतां ठरवतां रात्री घालवल्या आहेत. स्वतः स्नेह्यांनीं असल्या एका कागदाबद्दल आम्हांस एकदां संतापून लिहिलें होतें. तें पत्र आमच्यापाशीं आहे. त्यांस परत धाडावें असा मोह झाला होता.

शस्त्राच्या क्रमांकाचें महत्त्व किती, याचें आपल्या प्रांतांतील उदाहरण दूरचें नाहीं. २१ डिसेंबर १९०९ रोजीं नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहांत अनंत कान्हेरे यांनीं कलेक्टर जॅक्सन यांस गोळ्या घातल्या. पिस्तूल ब्राउनिंग जातीचें होतें. विनायक दामोदर सावरकर यांनीं लंडनहून चतुर्भुज अमीन यांजबरोबर वीस ब्राउनिंग पिस्तुलें पाठवल्याची गोष्ट त्या प्रकरणांत पुढें आली. उद्यां कोणी एखादें जुनें ब्राउनिंग आणून हें त्या विसांपैकीं आहे असें म्हणेल, तर त्याचें म्हणणें तपासण्यास पहिलें साधन काय? पोलादावरचा क्रमांक. घरगुती घासणीनें तो पुसट झाला असेल तर दंतकथा खरी ठरणार नाहीं आणि खोटीहि ठरणार नाहीं. संशोधकास याहून वाईट गति नाहीं.

कायद्याची बाजूहि येथेंच सांगून टाकावी. आपल्या देशांत १९५९ च्या शस्त्र-कायद्याच्या आठव्या कलमानें शस्त्रावरील नांव, क्रमांक वा ओळखीची खूण पुसणें, काढणें किंवा बदलणें मना आहे; आणि असें पुसलेलें शस्त्र ज्याच्यापाशीं सांपडेल त्यानेंच तें पुसलें असें, उलट सिद्ध होईपर्यंत, गृहीत धरतात. अमेरिकेंतहि क्रमांक पुसलेलें शस्त्र बाळगणें गुन्हा आहे. स्नेह्यांच्या रिव्हॉल्व्हराचा क्रमांक सुदैवानें चौकटीवर व सिलिंडरवर वाचण्याजोगा राहिला आहे. चौकटीवरील एका आंकड्याबद्दल तो ३ कीं ८ असा संशय येतो, सिलिंडरवर तो ८ आहे.

सिलिंडरचा विषय निघाला म्हणून एक आगंतुक सूचना. त्याची मागची बाजू तासलेली दिसते. अमेरिकन व्यापाऱ्यांनीं दशांश ४५ चीं पिस्तुलाचीं काडतुसें अर्धचंद्राकृति पत्र्यांच्या साह्यानें बसावींत म्हणून पुष्कळ वेब्ली असे तासले. हीं काडतुसें पूर्ण भाराचीं उडवल्यास दाब वेब्लीच्या मूळ मर्यादेबाहेर जातो, व रिव्हॉल्व्हर फुटण्याची भीति असते. नवा निळा रंग पाहून पोलाद नवें झालें असें समजूं नये. ती तासणी मात्र स्वतः एक ऐतिहासिक थर आहे; ती लपवण्याचा यत्न स्नेह्यांनीं केला नाहीं, हें चांगलें झालें.

मग गंजलेलें शस्त्र तसेंच सडूं द्यावें काय, असा त्यांचा शेवटचा प्रश्न आहे. मुळींच नाहीं. लाल गंज जिवंत असतो. तो थांबवलाच पाहिजे. पण त्यास उपाय त्यांच्याच चुलीवर होता. निस्तेल केलेला भाग शुद्ध, निःक्षार पाण्यांत उकळावा. जुन्या ब्ल्यूइंगांत जें घडतें तेंच येथें घडतें : लाल गंजाचा काळा होतो, आणि सुटी काजळी बारीक पोलादी तारांच्या काथ्यानें हळूच झाडली कीं खाली उरलेला मूळ थर जागच्या जागीं राहतो. कोठेंहि धातु घासावा लागत नाहीं. उडालेला रंग परत येत नाहीं, हें खरें. पण बाण राहतात, पलटण राहते, यंत्राच्या रेघा राहतात. ज्या शस्त्राच्या सर्व खुणा पूर्वींच कोणीं घासून टाकल्या आहेत, किंवा ज्याचे भाग दहा ठिकाणांहून जमवलेले आहेत, त्यास खुशाल नवा रंग द्यावा. तेथें पुसण्यासारखें कांहीं उरलेलेंच नसतें. स्नेह्यांचें वेब्ली त्या वर्गांतलें नव्हतें. तें १९१७ चें, म्हणजे शंभरी उलटलेलें होतें. आपल्या १९७२ च्या कायद्याप्रमाणें येथें असतें तर पुराणवस्तूंच्या वयांत बसलें असतें.

गेलेलीं अक्षरें परत मिळतील काय? अंशतः मिळूं शकतात. ठसा मारतांना अक्षराखालचें पोलादहि दाबलें जातें, व त्याचा कण बदलतो. वरचें अक्षर घासलें तरी खालचा दाबलेला भाग कांहीं खोलीपर्यंत शिल्लक असतो, आणि योग्य तेजाबानें तो वेगळा उठून दिसतो. गुन्ह्यांच्या तपासांत पुसलेले क्रमांक याच रीतीनें वाचतात. परंतु त्यासाठीं पट्टीवरचा नवा निळा रंग पुनः काढावा लागेल, आणि तेजाबाचा डाग कायमचा राहील. आम्हीं तसें न करण्याचा सल्ला दिला आहे. त्याऐवजीं नवव्या छायाचित्राची मूळ, न कापलेली प्रत मागवली आहे; ती आल्यावर तिसऱ्या अक्षराचा निकाल पुढील अंकांत देऊं. दरम्यान स्नेह्यांनीं पूर्वीचीं बाराही छायाचित्रें, कामाची तारीखवार टिपण व उजव्या बाणाचें मोजमाप एका लखोट्यांत घालून तो रिव्हॉल्व्हराच्या पेटींत ठेवला आहे. लखोट्यावर मोडींत मजकूर आहे. तो त्यांचे घरांत दुसऱ्या कोणास वाचतां येत नसल्यानें खालीं इंग्रजी तर्जुमा जोडावा, असें आम्हीं सुचवलें आहे.